लाल पाठीचा फुन्ची

हाचिरो न्हाव्याच्या दुकानात तामेझोनं खिशातून काड्यापेटी काढून आरशासमोरच्या फळीवर ठेवली, तेव्हा इसोकिचीच्या गालाला साबण लागलेला होता. त्याला मान वळवता येईना. त्यानं आरशातूनच बघितलं. तामेझोनं पेटी थोडी सरकवली. आधी दोन काळे पाय बाहेर आले, मग डोकं, आणि मग पाठ.

पाठ लाल होती. भाजलेल्या विटेसारखी लाल.

"अरे बापरे!" हाचिरो म्हणाला. वस्तरा तसाच हवेत राहिला. "लाल पाठीचा! कुठं मिळाला रे तामे?"

"मिळाला."

"मिळाला म्हणजे? आभाळातून पडला?"

"कुंपणावर बसला होता. धरला."

फुन्चीला आरशात दुसरा फुन्ची दिसला. त्यानं तिथल्या तिथं पुढचे दोन्ही पाय उचलून पसरले आणि स्वतःवरच चालून गेला. बाकावर बसलेले सगळे हसले. त्यातला एक म्हणाला, "इसो, नीट बघ, तुझ्याच घरचा दिसतोय. चुकून तामेच्या खिशात गेला की काय?"

आणखी हशा झाला आणि मधेच थांबला. इसोच्या घरी लाल पाठीचा फुन्ची कोण आणत असे, हे सगळ्यांना एकदमच आठवलं. त्याच्या बायकोला, मित्सुएला, जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं.

"हलू नकोस, कान जाईल," हाचिरो हळूच म्हणाला आणि पुन्हा दाढी करू लागला.

फुन्ची हा नखाएवढा कोळी. जाळं विणत नाही. माशी दिसली की मांजरासारखा दबा धरतो आणि उडी घेतो. डोळे पुढच्या बाजूला, मोटारीच्या दिव्यांसारखे. माणूस वाकला की अंग उचलून माणसाकडे बघतो. वसंतात नर शेवटची कात टाकतो, काळा कुळकुळीत होतो, आणि मग दुसरा नर समोर दिसला की त्याला राहवत नाही. जवळपास मादी असली तर विचारायलाच नको. गावात तिला नवरी म्हणत. काचेच्या नळीत नवरी, तिच्या दोन बाजूंना दोन नर. दोघं पाय पसरून भिडतात, डोक्याला डोकं लावून रेटतात. ज्यानं पाठ फिरवली तो हरला. मरत कुणी नाही. माणसांपेक्षा बरे, असं गावातल्या बायका म्हणत.

नोरीचं शेवाळ काढायचा हंगाम संपला, वाळवायच्या चटया माळ्यावर गेल्या, की शिंपल्यांचे दिवस येईपर्यंत पुरुषांना दुसरं काम नसे. मग म्हातारे म्हातारे गडीही काड्यापेट्या घेऊन कुंपणं धुंडाळत फिरत. मे महिन्याच्या सुरुवातीला देवळाच्या ओसरीवर कुस्त्या होत. जो जिंकेल त्याला निळ्या कापडाचा झेंडा मिळे. इसोकिचीच्या घरात अशा झेंड्यांनी एक भिंत भरली होती.

आणि ते सगळे झेंडे लाल पाठीच्यांनी आणलेले होते. इतरांचे फुन्ची काळे, करडे, मातकट. लाल पाठीचा पाठ फिरवत नाही, असं गावात मानत. तो फक्त मित्सुए आणायची. दरवर्षी एका सकाळी, उजाडताना, ती एकटीच घराबाहेर पडायची आणि भात शिजायच्या आत परत यायची. ओबीच्या, म्हणजे कमरपट्ट्याच्या, घडीत पेटी खोचलेली. सकाळच्या गारठ्यात फुन्ची मरगळतो, म्हणून त्याला अंगाची ऊब द्यायची. "घ्या हो, लवकर घ्या," दारातूनच ती म्हणायची. इसोकिची पेटी उघडायचा आणि मग दिवसभर त्याला दुसरं काही दिसायचं नाही.

"कुठून आणलास?" तो विचारायचा.

"तुम्हाला फुन्ची हवा की जागा हवी?"

"जागा कळली तर मीच जाईन ना. तुला पहाटे उठायला नको."

"तुम्हाला सांगितली तर दुसऱ्या दिवशी दारूच्या दुकानात सगळ्यांना कळेल."

इतकी वर्षं झाली, तिनं जागा सांगितली नाही. गेल्या शरद ऋतूत ती इस्पितळात होती, तेव्हा त्यानं शेवटचं विचारलं. चेष्टेत विचारतोय असं दाखवून विचारलं. ती म्हणाली, "फुन्ची मिळेल तुम्हाला. जागेचं काय घेऊन बसलात?" त्यानंतर चारच दिवसांनी ती गेली.

तर आता लाल पाठीचा तामेझोच्या काड्यापेटीत होता.

दाढीचे पैसे देऊन इसोकिची घरी आला. देव्हाऱ्यात मित्सुएचा फोटो होता. रोजच्यासारखा त्यानं तिच्यासमोर वाटीभर भात ठेवला. बाजूला तिच्या आवडीचं मुळ्याचं लोणचं ठेवायचं असे. आज त्यानं ते ठेवलं नाही. स्वतःच उभ्याउभ्या कडाकडा चावून खाल्लं.

"मला नाही सांगितलीस," तो फोटोला म्हणाला. "त्याला सांगितलीस."

फोटोत ती पुतण्याच्या लग्नातल्या कपड्यांत होती. कॅमेऱ्याकडे न बघता जराशी बाजूला बघत होती. कुणाकडे बघत होती कोण जाणे. त्या लग्नाला तामेझोही होता. हे इसोकिचीला आजवर कधी सुचलं नव्हतं.

एकदा सुचलं म्हटल्यावर मग सुचतच गेलं. वादळात नोरीचे खांब मोडले, तेव्हा मदतीला पहिला कोण आला? तामेझो. मित्सुए कुणाच्या विनोदाला तोंडावर हात न धरता हसायची? तामेझोच्या. दर उन्हाळ्यात तिच्या हातचं लोणचं कुणाकडे जायचं? "शिगेला आवडतं," असं ती म्हणायची. शिगे म्हणजे तामेझोची बायको. शिगेला लोणचं आवडतं की नाही, हे कुणी पडताळलं होतं?

यंदाच्या वसंतात त्यानं स्वतः काही कमी शोधलं नव्हतं. देवळामागची झुडपं, शाळेचं कुंपण, स्मशानाची कड, बांधावरचा गुलाब. हात ओरबाडून घेतले. लाल पाठीचा कुठंच नाही. एकाच ठिकाणी तो गेला नव्हता: दुसऱ्यांच्या परसात. दुसऱ्याच्या कुंपणात न विचारता हात घालायचा नाही, हा गावाचा नियम होता, आणि ज्याच्याशी ओसरीवर गाठ पडायची त्याला विचारायला कोण जाणार?

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो तामेझोच्या गल्लीच्या तोंडाशी, पालथ्या घातलेल्या होडीमागे जाऊन बसला. तामेझो बाहेर पडेल, त्या जागेकडे जाईल, आणि आपण मागोमाग. तामेझो बाहेर पडलाच नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. समुद्रावरून गार वारा येत होता आणि इसोकिचीचे गुडघे दुखत होते. मित्सुए अशीच ह्या गारठ्यात चालत असेल, हा विचार आला आणि पाठोपाठ दुसरा आला, की ती एकटी चालत असेल कशावरून?

तिसऱ्या सकाळी त्याला राहवलं नाही. तो गल्लीनं आत शिरला आणि तामेझोच्या घराला वळसा घालून मागच्या बाजूला गेला.

परसात चहाच्या झुडपांचं जुनं कुंपण होतं, छातीएवढं उंच. तामेझो उलटी छत्री हातात धरून त्याच्या कडेनं चालत होता. फांदी हलवायची, छत्रीत काय पडलं ते बघायचं, पुढे सरकायचं. तोंडानं काहीतरी गुणगुणत होता.

"चोर!"

इसोकिची दचकला. तामेझोची बायको शिगे दारात उभी होती, हातात झाडू.

"चोर नाही, इसो आहे," तामेझो म्हणाला. त्यानं वळूनही बघितलं नाही. "परवापासून होडीमागे बसतोय. मला वाटलं, घरचा संडास तुंबला असेल."

"इसो-सान," शिगे म्हणाली, "तुम्ही माझ्या मुळ्याच्या वाफ्यात उभे आहात."

इसोकिची एक पाऊल बाजूला झाला. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"हे कुंपण," तो म्हणाला.

"हं."

"लाल पाठीचे इथं मिळतात?"

"मिळतात. वर्षाला एखादा. फार तर दोन."

"तिनं तुला कधी सांगितलं?"

"कुणी?"

"कुणी म्हणजे? माझ्या बायकोनं. ही जागा तिनं तुला कधी सांगितली?"

तामेझोनं छत्री खाली ठेवली. बराच वेळ तो इसोकिचीकडे बघत राहिला, एखाद्याच्या डोक्यावर परिणाम झालाय का हे बघावं तसा.

"इसो, हे माझं कुंपण आहे. माझ्या बापानं लावलंय. माझ्या परसातली जागा मला कोण सांगणार?"

इसोकिचीनं कुंपणाकडे बघितलं, छत्रीकडे बघितलं. घरापासून इथवर चालत आलं तर भात शिजायच्या आत परत जाता येतं, हे त्याच्या लक्षात आलं.

"म्हणजे ती इथं यायची," तो म्हणाला.

"सांगून टाका आता," शिगे नवऱ्याला म्हणाली. "ती तर गेली बिचारी. आता कुणासाठी झाकायचं?"

शिगेनंच झाडू भिंतीला टेकवला आणि पायरीवर बसली.

"तुम्ही पहिल्याच कुस्तीत हरलात ते वर्ष आठवतं? लग्नाला तुमच्या फार दिवस झाले नव्हते. घरी जाऊन तोंड शिवून बसलात. शिंपले काढायला लागलो तरी तुम्ही बायकोशी बोलत नव्हतात. ती माझ्याकडे येऊन रडली. म्हणाली, शिगे, एका कोळ्यापायी माझ्या घरात मुडद्यासारखी शांतता आहे. पुढच्या वर्षी आली ती आमच्या ह्यांच्याकडे. म्हणाली, एक चांगला फुन्ची द्या, पण आमच्या घरी कळता कामा नये. ह्यांनी दिला. त्याच्या पुढच्या वर्षीही दिला. मग रीतच पडली."

"मी ज्या कुस्त्या जिंकलो…"

"त्या तूच जिंकलास," तामेझो म्हणाला. "फुन्ची कधी सोडायचा, नवरी कधी दाखवायची, ते तुझ्याइतकं कुणाला कळत नाही."

"मला गोंजारू नकोस. आणि तू? आपलाच फुन्ची समोर ठेवून दरवर्षी हरत बसलास? का?"

तामेझो वाकून छत्रीतला पाला झटकू लागला.

"विचारा, विचारा," शिगे म्हणाली. "मीही संसारभर हेच विचारतेय. गावात सगळ्यात चांगलं कुंपण आमचं, आणि झेंडे तुमच्या भिंतीवर. देवळातून ह्यांच्यामागे खाली मान घालून मी यायचे. का, तर ह्यांना ती आवडायची. सगळ्या गल्लीला दिसत होतं, इसो-सान. तुम्हाला दिसलं नाही. तुम्ही फुन्चीकडे बघत होतात."

"शिगे," तामेझो म्हणाला.

"काय शिगे? खोटं आहे?"

"खोटं नाही," तामेझो म्हणाला.

समोरच्या कौलावर चिमण्या भांडत होत्या. इसोकिचीला वाटलं, आता तामेझोला मारावं. पण हात उचलायच्या आधी, जे विचारायचं नाही असं ठरवलं होतं तेच तोंडातून निघालं.

"आणि ती?"

"ती!" शिगे हसली, पण चांगलं हसली. "ती पेटी घ्यायची, ओबीत खोचायची आणि डोळे घट्ट मिटून उभी राहायची. कोळ्यांची भीती वाटायची तिला. तुम्हाला माहीत नाही? पाय थरथरायचे. मी म्हणायचे, अगं, रुमालात बांधून ने. तर म्हणायची, गारठेल, मग लढणार नाही. मी चहा ओतलेला असायचा, तो अर्धा टाकून पळायची. पोटावर निखारा ठेवल्यासारखी."

हे इसोकिचीला माहीत नव्हतं. दारातून ती घ्या हो, लवकर घ्या, असं म्हणायची. त्याला वाटायचं, तिलाही त्याच्याइतकीच घाई झालीय. तो पेटी घ्यायचा आणि उजेडाकडे वळायचा. तिच्या चेहऱ्याकडे त्यानं एकदाही बघितलं नव्हतं. तो चेहरा तामेझोनं बघितला होता.

तामेझोनं खिशातून काड्यापेटी काढली आणि पुढे केली. "हा घे. तिनं सांगितलं होतं, यंदाचाही त्यांनाच द्या."

"कधी सांगितलं?"

"इस्पितळात."

"तू इस्पितळात गेला होतास?"

"आम्ही दोघं गेलो होतो. तू होडीवर होतास."

"मग न्हाव्याच्या दुकानात कशाला मिरवलास? सरळ माझ्याकडे आणून द्यायचास."

तामेझोचा चेहरा लाल झाला. एवढा म्हातारा माणूस, पण मान खाली गेली. "एकदा वाटलं," तो म्हणाला, "एकदा तरी लोकांनी तो माझ्या हातात बघावा. मग देणारच होतो. घे."

इसोकिचीनं पेटी घेतली नाही.

"तुझा कोळी तुलाच लखलाभ," तो म्हणाला आणि मुळ्याच्या वाफ्यातूनच निघून गेला.

घरी येऊन त्यानं भिंतीवरचे झेंडे एकेक करून काढले. खिळ्यांची भोकं तेवढी उरली आणि त्यांच्याभोवती कापडाच्या आकाराचे स्वच्छ चौकोन. झेंडे गोणपाटात भरून तो पुन्हा तामेझोकडे गेला आणि पायरीवर टाकून आला. मागून शिगेचा आवाज आला, "बरं झालं, भांडी पुसायला फडकी नव्हती!"

संध्याकाळी त्यानं वाटीभर भात फोटोसमोर ठेवला, आणि लोणचंही ठेवलं. तिच्यावरचा राग गेला नव्हता. पण ती भीत भीत चालत आली असेल, ह्या विचारानं त्याला लोणचं रोखून धरवेना.

कुस्त्यांना थोडेच दिवस उरले होते. इसोकिचीनं एक नर धरला, देवळाच्या पायऱ्यांजवळच्या झुडपात. मातकट रंगाचा, एका बाजूचा मागचा पाय जरासा ओढणारा. तरी त्यानं तो पेटीत ठेवला, माशा खाऊ घातल्या, आणि सकाळच्या गारठ्यात पेटी आपल्या पोटपट्ट्यात खोचली. पेटीच्या पातळ लाकडातून आतली हालचाल पोटाला जाणवायची. बारीक, थांबत थांबत होणारी. त्याला कोळ्यांची भीती कधी वाटली नव्हती. पण आता पोटावरचे केस उभे राहिले आणि त्याला तिथंच खाली बसावं लागलं.

देवळाच्या ओसरीवर गर्दी होती. हाचिरो न्हावी पंच होता, कारण त्याची नजर बारीक आणि हात स्थिर. मधे उलटं ठेवलेलं लाखेचं तबक, त्यावर काचेची नळी, नळीत करड्या रंगाची नवरी. ती काचेला चिकटून सगळ्यांकडे बघत होती.

"इसो, ह्या वर्षी धूळमाती आणलीस की काय?" कुणीतरी म्हणालं.

"धूळमातीच आहे," इसोकिची म्हणाला. "पण माझ्या हातानं धरलीय."

पहिल्या दोन कुस्त्या त्यानं जिंकल्या. फुन्चीच्या जोरावर नाही, हिकमतीवर. समोरचा तबकावर नवा असेपर्यंत थांबायचं, तो नवरीकडे वळला की आपला सोडायचा. लोक वाहवा करू लागले. मग शेवटच्या कुस्तीला समोर तामेझो येऊन बसला.

लाल पाठीचा तबकावर उतरला तेव्हा सगळे पुढे झुकले. दोन्ही नरांनी नवरी बघितली. दोघांनी पाय पसरले. मातकट फुन्ची आधी चालून गेला, ओढता पाय मागे फरफटत. डोक्याला डोकं भिडलं. बारके पाय थरथरत होते. क्षणभर असं वाटलं की लाल पाठीचा मागे सरकतोय, आणि इसोकिचीच्या छातीत एकदम उकळी आली: ढकल त्याला, पाड, तबकाखाली पाड, त्याच्या बापाच्या कुंपणात परत पाठव!

मातकट फुन्चीनं पाठ फिरवली आणि तबकाच्या कडेवरून खाली उडी मारली.

"तामेझो!" हाचिरोनं हात वर केला.

आरडाओरडा झाला. तामेझोच्या पाठीवर थापा पडल्या. इतक्या वर्षांनी, म्हाताऱ्या, इतक्या वर्षांनी! कुणीतरी त्याच्या हातात साके दारूचा पेला दिला. शिगे मागे बायकांत उभी होती आणि तोंडाला बाही लावून रडत होती. मात्र तामेझोच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही दिसत नव्हतं. निळा झेंडा हातात घेऊन तो गर्दीच्या डोक्यांवरून इकडेतिकडे बघत होता. जिंकलेला माणूस आपलं माणूस शोधतो, तसा. शिगे तर समोरच होती.

तो कुणाला शोधतोय हे इसोकिचीला कळलं. हरल्यावरही त्याला एवढा राग आला नव्हता.

गर्दी पांगल्यावर तो तामेझोच्या घरी गेला. ह्या वेळी पुढच्या दारानं. तामेझो परसात, चहाच्या कुंपणाजवळ उकिडवा बसला होता. कुस्त्या आटोपल्या की फुन्ची पुन्हा झुडपात सोडून द्यायचा असतो. त्यानं नुकताच सोडला होता.

"गेला?" इसोकिचीनं विचारलं.

"गेला."

"ती इतकी वर्षं इथं यायची," इसोकिची उभ्याउभ्याच म्हणाला. "मुकाट्यानं तर येत नसेल. काहीतरी बोलत असेल. काय बोलायची?"

तामेझो उठला नाही. "काहीबाही बोलायची."

"तेच विचारतोय. काय?"

"ते का सांगू?" तामेझोनं वर बघितलं. डोळे लाल झाले होते. साकेनं की कशानं, कळत नव्हतं. "तुझ्याजवळ ती रोज होती. सकाळ, संध्याकाळ, जेवताना, झोपताना. माझ्याजवळ वर्षातली एक सकाळ. तीही आता मागायला आलास?"

"माझी बायको होती ती."

"म्हणूनच तर तुला सांगायचं नाही."

दोघं म्हातारे एकमेकांसमोर होते, एक उभा, एक बसलेला. कुणीही हटायला तयार नव्हता. शेवटी इसोकिचीचे पाय दुखू लागले. तो पायरीवर बसला. बोलायचं ठरवून आला होता ते सगळं विसरला, आणि जे होतं तेच निघालं.

"तामे, माझ्याजवळची संपली रे. तिचं सगळं बोलणं मी उगाळून उगाळून संपवलं. तेच तेच आठवतं. नवीन काही येत नाही. मी कितीही डोकं फोडलं तरी आता ती मला नवीन काही बोलणार नाही. तुझ्याजवळ आहे. तुझ्याजवळ मी न ऐकलेलं आहे."

आतून शिगे चहाची किटली घेऊन आली, दोघांचे पेले भरून ती मधे ठेवली, आणि नवऱ्याला म्हणाली, "सांगा. नाहीतर मी सांगेन, आणि माझ्या तोंडून तुम्हा दोघांनाही सोसायचं नाही."

तामेझोनं नाक पुसलं.

"एका वर्षी बर्फ पडला होता," तो नाखुशीनं म्हणाला. "वसंतात. कुंपणावर एकही फुन्ची नव्हता. ती कुंपणापाशी उभी. मी म्हटलं, मित्सुए-सान, आज जा, उद्या या. तर म्हणाली, 'अगं बाई, उद्या आले तर आजची भीती फुकट गेली की!'"

"अगं बाई असं ती म्हणत नसे," इसोकिची लगेच म्हणाला.

"म्हणायची."

"कधीच नाही. इतक्या वर्षांत माझ्यासमोर एकदाही नाही."

"माझ्यासमोर म्हणायची."

इसोकिचीचा हात चहाच्या पेल्यावर आवळला गेला. शिगेनं घाईघाईनं किटली बाजूला घेतली. कुंपणाच्या पलीकडून कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं. इसोकिचीनं पेला तोंडाला लावला, चटका बसला तरी गिळला.

"पुढे?" तो म्हणाला.